गायधनींचा गोरबा

गायधनी साहेबांच्या तोंडून 'छान' हा शब्द मी आयुष्यात एकदाच ऐकला, आणि तोही त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवरच्या एका भिकार गेमबद्दल. नाशिकजवळ अंबडच्या आमच्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं क्वालिटी सांभाळली. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये बसणाऱ्या बोटाएवढ्या पिना आम्ही बनवायचो आणि त्या पास की नापास ते गायधनी ठरवायचे. मी प्रॉडक्शनचा सुपरवायझर. म्हणजे आमचं नातं उंदरा-मांजराचं, आणि त्यात मांजर कोण हे सांगायला नको.

माणूस दिसायला किरकोळ. पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं, केस इतके चापून बसवलेले की पंख्याखालीही हलायचे नाहीत. हातात कायम एक लाकडी पेटी. तिच्यात त्यांचा स्वतःचा मायक्रोमीटर असायचा, पहिल्या नोकरीतल्या उस्तादाने दिलेला. त्याला कुणी हात लावायचा नाही. तो कंपनीचा नसल्यामुळे कंपनीच्या यादीतही नव्हता, आणि दरवर्षी आमची सगळी मापयंत्रं तपासणीला जायची तेव्हा ही पेटी मात्र कपाटातच राहायची. पण मापावरून वाद झाला की शेवटचा शब्द त्याच पेटीचा. असं का, हे विचारायची आमची छाती नव्हती.

"साहेब, जवळपास बरोबर आहे," असं एखादा ऑपरेटर म्हणाला की ते वर न बघता म्हणायचे, "जवळपास हे माप नाही. असलंच तर एखाद्या गावाचं नाव असेल." मग नापासाचा लाल टॅग बांधायचे. गाठ अशी पक्की मारायचे की ती कात्रीनेच काढावी लागायची. "ठीक आहे," असं म्हटलं की, "किती ठीक? आकडा सांगा." घरी गायधनीवहिनी या माणसाशी बोलतात तरी कशा, याचं आम्हाला फार कुतूहल होतं.

मी पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला त्यांना बोलावलं होतं. बोलावलं कसलं, बोलवावं लागलं. आले, पाया पडले, तीर्थप्रसाद घेतला आणि खिशातून एक काचेची गोटी काढून हॉलच्या मधोमध ठेवली. ती क्षणभर थांबली आणि मग हळूहळू बाल्कनीकडे निघाली. सगळे पाहुणे तिच्या मागे बघत राहिले. "उतार आहे," गायधनी म्हणाले आणि गोटी उचलून खिशात टाकली. माझी बायको हातात पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती. त्या दिवसापासून तिला त्या हॉलमध्ये कललेलंच वाटतं. सोफ्याच्या दोन पायांखाली तिने पुठ्ठे घातलेत. मला तर कधी उतार दिसला नाही, पण मी तो माणूस त्या दिवसापासून मनातून उतरवला, हे कबूल करतो.

दुसरा प्रसंग आमच्या स्टोअरकीपरच्या निरोप समारंभाचा. म्हातारा भला होता, बायको पैठणी नेसून आलेली. जो तो उठून कौतुक करत होता. गायधनींना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, म्हणाले, "यांच्या हातून चुकीचं मटेरिअल सात वेळा गेलं. सातही तारखा माझ्याकडे आहेत." आणि बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना. नंतर मी विचारलं, "साहेब, आज तरी?" तर म्हणाले, "वीस वर्षांत सात. याच्यापेक्षा मोठं कौतुक मला येत नाही." त्या म्हातारीला हे कुणी समजावून सांगितलं नाही. ती रडतच घरी गेली.

तर असा माणूस गेम खेळतो, हे मला कळलं तेव्हा मी इंदिरानगरच्या त्यांच्या घरी एका रविवारी सकाळी एक रिपोर्ट द्यायला गेलो होतो. वहिनींनी दार उघडलं आणि आतल्या खोलीकडे बोट केलं. "पूजा झाली की बसतात. एक वाजेपर्यंत उठायचे नाहीत. आमटीत मीठ कमी पडलं तर मला सुनावतात आणि गेममधल्या त्या बुटक्यासाठी पानं घेऊन थांबायला लावतात."

मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा जुना कॉम्प्युटर मागे ठेवून गेला होता, त्यातच हा गेम होता. राजा, जादू, सात किल्ले, पळवून नेलेली राजकन्या, असला सगळा मामला. बनवणारी परदेशी कंपनी कधीच बुडाली होती, त्यामुळे त्यातल्या चुका दुरुस्त होण्याची आशा नव्हती. आणि चुका तरी किती! झाडं जमिनीपासून वीतभर वर तरंगायची. नदी चढावर वाहायची. एक बाई म्हणायची, "वीरा, माझ्या नवऱ्याला ठार केल्याबद्दल मी तुझी ऋणी आहे." खरं म्हणजे आपण तिच्या नवऱ्याच्या मारेकऱ्याला ठार केलेलं असायचं. गायधनी हे वाक्य ऐकायला त्या बाईकडे पुन्हा पुन्हा जायचे आणि तोंडावर हात ठेवून हसायचे. मी त्यांचे दात त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"आता हे बघा, जाधव," ते म्हणाले. पडद्यावर जंगलातलं एक गाव आलं. घरांच्या वळचणीला कंदील टांगलेले, प्रत्येकाचा उजेड थोडा वेगळा. एक कुत्रं धावत आलं आणि आमच्या वीराभोवती फिरू लागलं. "मागच्या खेपेला याला एक हाड दिलं होतं, ते लक्षात आहे त्याच्या. आणि हे कंदील बघा. कुणीतरी बसून एकेक लावलाय. नदी चुकली असेल, पण कंदील लावताना त्या माणसाने घाई केलेली नाही. छान आहे." तोच तो शब्द. माझा कानांवर विश्वास बसेना.

आणि मग गोरबा. खरं नाव परदेशी काहीतरी होतं, गायधनींनी त्याचं गोरबा करून टाकलं होतं. वीराला वाट दाखवणारा हा बुटका. पाठीवर हे एवढं पोतं, चालताना बेसूर गाणं म्हणायचा. मागे राक्षस आग ओकत असला तरी सांगायचा की आज हवा छान आहे. आणि प्रत्येक दारात अडकायचा. "पोतं आधी केलं, दारं नंतर," गायधनी म्हणाले. "मापं जुळवलीच नाहीत. सरळ रिजेक्शन." पण हे म्हणताना ते वीराला मागे वळवत होते. अख्खा किल्ला ओलांडून परत दाराशी यायचं, गोरबाला खांद्याने तीनदा ढकलायचं, मग तो सुटायचा आणि पुन्हा गायला लागायचा. "सोडून कसं जायचं? बरोबर निघालाय तो," ते म्हणायचे. शेवटच्या किल्ल्याच्या दारावर 'दोघे मिळून आत या' असं लिहिलेलं होतं, आणि तिथे मात्र गोरबाला कितीही ढकललं तरी दारच उघडत नसे. म्हणजे हा खेळ संपूच शकत नव्हता. गायधनी तिथपर्यंत चारदा जाऊन आले होते आणि चारदा पहिल्यापासून सुरू केला होता.

आता खंडू भोरबद्दल. खंडू घोटीहून रोज बसने यायचा, आमच्या ग्राइंडिंग मशीनवरचा सगळ्यात जुना ऑपरेटर. हात सोन्याचा होता, पण पन्नाशीनंतर चष्म्याचा नंबर वाढत चालला आणि त्याचा स्वतःवरचा भरवसाही थोडा हलला. वर्षात दोन लाल टॅग त्याच्या नावावर लागले. तिसरा लागला की मॅनेजमेंट माणसाला स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म द्यायची. नाव 'स्वेच्छा', पण इच्छा कुणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं. खंडूला घरी बसायचं नव्हतं. त्याचं सगळं आयुष्य त्या मशीनपाशी गेलं होतं आणि गावात त्याची ओळख 'अंबडचा मिस्त्री' हीच होती.

तिसरा लॉट आला. गायधनींनी पेटी उघडली, मोजलं, म्हणाले, "चार मायक्रॉन जास्त." म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम पंधरावा हिस्सा.

खंडू हात पुसत पुढे आला. "साहेब, माझ्या मायक्रोमीटरवर तर बरूबर येतंय. म्या तीनदा मोजलं."

"कशाने? त्या डोळ्यांनी?"

मशीन शॉपमधले दोघे-तिघे हसले. मीही हसलो असेन. नियम असा होता की दोन मापांत फरक आला तर पिन स्टँडर्ड रूममध्ये नेऊन तिसऱ्या यंत्रावर तपासायची आणि सुपरवायझरने 'फेरतपासणी केली' म्हणून सही करायची. मी स्टँडर्ड रूमची पायरीसुद्धा चढलो नाही. गायधनींचं माप आणि खंडूचे डोळे, यात तपासायचं काय? मी जागेवरच सही ठोकली. लाल टॅग बांधला गेला.

पण संध्याकाळी खंडूचं तोंड बघवेना. सुटकेचा एकच मार्ग उरला होता, डेव्हिएशनचा. माप थोडं चुकलंय पण काम अडत नाही, एवढा लॉट फरकासह मंजूर करावा, असा एक कागद असतो. क्वालिटीची त्यावर सही झाली की टॅग रद्द. सगळ्या कारखान्यांत तो चालतो. गायधनींनी मात्र त्यावर जन्मात सही केली नव्हती. मी तो भरला आणि रविवारी सकाळी इंदिरानगरला गेलो. मुद्दाम रविवारी. तेव्हा ते गोरबाच्या संगतीत असतात, जरा मऊ असतील, असा माझा हिशेब.

तासभर मी मुकाट बघत बसलो. गोरबा दोन दारांत अडकला, दोन्ही वेळा त्यांनी परत जाऊन त्याला सोडवला. दुसऱ्या वेळी मी कागद पुढे केला. त्यांनी तो पूर्ण वाचला, मागची कोरी बाजूही बघितली.

"चार मायक्रॉन, जाधव."

"साहेब, पिन बसते. गिऱ्हाईक बोलणार नाही."

"मग गिऱ्हाइकाला ड्रॉइंग बदलून द्यायला सांगा."

"खंडूचा तिसरा टॅग आहे. घरी बसेल तो."

"मला खंडू मोजता येत नाही. मला पिन मोजता येते."

मला रागच आला. मी पडद्याकडे बोट दाखवलं. "आणि हा? एका दारातून धड जात नाही, तो चालतो तुम्हाला?"

ते चिडले नाहीत. म्हणाले, "हा कुणाच्या ट्रॅक्टरमध्ये बसणार आहे? याच्या चुकीने कुणाचा हात तुटत नाही. सहा दिवस लोकांच्या चुका धरायच्या, एक दिवस तरी चुकीवर माया करायला जागा नको का?" आणि कागद माझ्या हातात परत दिला. वहिनींनी मला पोहे आणून दिले. मी ते खाल्ले, हेही सांगून टाकतो.

खंडू महिनाअखेरीस गेला. मशीन पुसून, वर फडकं घालून गेला.

आठ महिन्यांनी बाहेरचे ऑडिटर आले. त्यातल्या एका पोराने गायधनींच्या हातातली पेटी बघितली आणि विचारलं, "याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट?" म्हणजे यंत्र तपासून घेतल्याचा दाखला. गायधनींनी पेटी स्वतःच त्याच्यापुढे ठेवली. संध्याकाळी निकाल आला. उस्तादाचा मायक्रोमीटर चार मायक्रॉन जास्त दाखवत होता.

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर ऑडिटचा फॉर्म होता. त्यात एक प्रश्न असतो, हे उपकरण माल पास-नापास करायला वापरलं जातं का? 'होय' लिहिलं की मागचे सगळे निर्णय पुन्हा उघडावे लागतात. त्यांनी 'होय' लिहून ठेवलं होतं.

"खंडूचा लॉट बरोबर होता," ते म्हणाले. "त्याला परत घ्यावं लागेल. मी उद्या मॅनेजरकडे जातो."

तो लॉट उघडला की माझी सही निघणार होती, न केलेल्या फेरतपासणीची. शॉपचा इनचार्ज म्हणून माझं नाव वर गेलं होतं, हुकूम यायचा बाकी होता. मी आधी त्यांच्या निवृत्तीबद्दल बोललो, एक वर्ष उरलंय, नाव खराब होईल. त्यांना स्वतःच्या नावाचं काही पडलं नव्हतं. मग मी माझ्या पोरीचं शिक्षण काढलं. तरी पेन हलेना. तेव्हा मी ते वाक्य बोललो. ते मला कसं सुचलं याची आजही शरम वाटते, आणि सुचलं म्हणून आजही बरं वाटतं.

मी म्हणालो, "साहेब, त्या बुटक्यासाठी अख्खा किल्ला मागे जाता. मी पण अडकलोय. मला एकदा ढकला."

खाडाखोड त्यांनी कधी केली नव्हती, तेव्हाही केली नाही. ड्रॉवरमधून कोरा फॉर्म घेतला, पहिल्यापासून भरला आणि त्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं. सही केली. पेटी उचलून मला म्हणाले, "जा आता."

त्यानंतरचं वर्ष त्यांनी क्वालिटीत काढलं ते नुसतं काढलं. जे येईल त्यावर हिरवा शिक्का. ऑपरेटर खूश झाले. म्हातारा सुधारला म्हणाले. मी इनचार्ज झालो. त्यांच्या निरोप समारंभात मी पंधरा मिनिटं बोललो, त्यांच्या काटेकोरपणाबद्दल.

निवृत्तीनंतर तीन महिन्यांनी फोन आला. "जाधव, गाडी आहे ना? घोटीला जायचंय." कशाला ते मी विचारलं नाही. नाही म्हटलं असतं तर ते बसने एकटे गेले असते, आणि एकटे गेले असते तर बोलले असते. म्हणून मी गेलो.

वाटेत म्हणाले, "तो खेळ संपला."

"संपत नव्हता ना तो?"

"मागच्या महिन्यात गोरबाला पहिल्याच दारात ठेवला. म्हटलं, अडकलाय तर अडकू दे. एकटाच पुढे गेलो. शेवटचं दार आपोआप उघडलं. तो बरोबर असला तरच ते उघडत नव्हतं. दारावरची पाटीच चुकीची होती." पुढे म्हणाले, "आत सगळं व्यवस्थित होतं. राजा, दरबार, फुलं. एकही चूक सापडली नाही. मी कॉम्प्युटर भंगारवाल्याला देऊन टाकला."

मी गाणी लावू का विचारलं. ते नको म्हणाले.

खंडूचं घर भाताच्या गिरणीमागच्या गल्लीत. तो ओट्यावर बसला होता, दाढी वाढलेली. आम्हाला बघून धडपडत उठला, गायधनींच्या पायांवर डोकं ठेवलं. "साहेब, तुमी आमच्या घरी! सूनबाई, च्या टाक, साखर कमी टाक, साहेबांना चालत नाय." इतकी वर्षं रोज अपमान करणाऱ्या माणसाची साखर त्याच्या लक्षात होती.

गायधनींनी तब्येत विचारली. खंडू हसला. "तब्येत बरी हाय. पर हाताचा भरोसा नाय राह्यला. दाढीसुदिक न्हाव्याकडंच करतो. इळा धरत नाय, म्हनलं कुनाला लागायचा. डाक्टर म्हनतो डोळे चांगले हायेत. म्या म्हनलं, डाक्टर चुकत आसंल, गायधनी साहेबांचं माप चुकत नाय."

"खंडू," गायधनी म्हणाले.

"साहेब, निघू या का? घाटाकडून गर्दी सुरू होईल," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "खंडू, माप माझं चुकलं होतं. मायक्रोमीटर चार मायक्रॉन जास्त दाखवत होता. तुझ्या पिना बरोबर होत्या. सगळ्या."

खंडूचा उजवा हात मांडीवर होता, तो त्याने उचलला, उलटा-सुलटा करून पाहिला. मग मान हलवली. "साहेब, माझं मन राखायला आलाव का? तुमास्नी खोटं बोलाया नाय जमत, ऱ्हाऊ द्या." आणि माझ्याकडे वळला. त्या डोळ्यांत काय होतं ते मी नीट पाहिलं. माणूस भीक मागतो तेव्हा इतकं मागत नाही. "जाधव साहेब, तुमी सांगा. तुमची बी सही व्हती. साहेब म्हनत्यात ते खरं हाय का?"

सून चहा घेऊन दारात उभी होती. माझी बढती, हुकूम, सगळं होऊन गेलेलं होतं. आता एक 'हो' म्हणायला मला फारशी किंमत पडणार नव्हती. तरीही मी म्हणालो, "साहेबांचं वय झालंय, खंडू. आताशा असंच काहीबाही बोलतात."

"म्हंजी माझंच चुकलं व्हतं."

"हो," मी म्हणालो.

खंडूने हात पुन्हा मांडीवर ठेवला. मग सुनेच्या हातातली कपबशी घेतली, कपातला चहा बशीत ओतला, फुंकर घालून निववला आणि बशी गायधनींच्या हातात दिली. "घ्या साहेब. एवढं मनाला लावून घेऊ नगा. व्हतंय वयामुळं."

गायधनींनी बशी दोन्ही हातांत धरली. पीत मात्र नव्हते. मी गाडीत जाऊन बसलो आणि हॉर्न दिला. थोडं थांबून पुन्हा दिला. दोघे ओट्यावर तसेच बसून होते, खंडू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता. एकाही हॉर्नला गायधनींनी मान वर केली नाही. मी गाडी वळवली आणि एकटाच नाशिकला आलो.